हवेतून येणारे वंगण

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमाने २५-३० हजार फुटांच्या वर जाऊ लागली, तेव्हा एका अगदी लहान सुट्या भागाने अभियंत्यांना जेरीस आणले. हा भाग म्हणजे विमानातल्या जनित्रांचे आणि मोटारींचे कार्बन ब्रश. जमिनीवर शेकडो तास बिनतक्रार चालणारे हे ब्रश त्या उंचीवर काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, झिजून काळी भुकटी होऊन जात. ब्रश गेला की जनित्र बंद, आणि जनित्र बंद पडले की विजेवर चालणारी विमानातली सगळी यंत्रणा लुळी.

ब्रश म्हणजे काय हे मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. घरातला मिक्सर फिरेनासा झाला की दुरुस्तीवाला तो खोलून ‘कार्बन गेलेत’ म्हणतो, तेच हे कार्बन. ग्रॅफाइटमिश्रित कार्बनचा एक छोटा ठोकळा असतो. मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि पुढे तांब्याचा कम्युटेटर त्याच्यावर घासत फिरतो. ड्रिल मशीनमध्ये तो असतो. मुंबईच्या लोकल डीसी मोटारींवर धावत होत्या तेव्हा त्या मोटारींतही तो होता. या घासणाऱ्या जागेला कुणी तेल देत नाही. ग्रॅफाइट हेच मुळात वंगण आहे, त्याला आणखी वंगण कशाला, अशी सर्वांची समजूत होती आणि ती वर्षानुवर्षे खरीही ठरत आली होती.

तिला आधारही भक्कम होता. १९२४ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी ग्रॅफाइटच्या स्फटिकाची रचना उलगडली. कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या सपाट थरांत घट्ट बांधलेले असतात आणि दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटरचे अंतर असते. थराच्या आतले बंध बळकट आणि थराथरांतले दुबळे असल्यामुळे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ग्रॅफाइट बुळबुळीत लागते. हे स्पष्टीकरण शाळेच्या पुस्तकांत आजही असेच दिलेले असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. थर जर केवळ स्वतःच्या रचनेमुळे सरकत असतील, तर विमान उंच गेल्याने त्या रचनेत काय बिघडले?

उंचावर हवा विरळ असते आणि थंडीही कडाक्याची असते. संशय आधी त्यांच्यावर गेला. उत्तर निघाले ते जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यांनी केलेल्या, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून. त्यांनी ग्रॅफाइट निर्वातात घासून पाहिले. वंगण म्हणवले जाणारे हे द्रव्य तिथे सामान्य घनपदार्थाहूनही वाईट वागले. घर्षण कितीतरी पटींनी वाढले आणि ग्रॅफाइटची भराभर धूळ होऊ लागली. मग त्यांनी निर्वातात एकेक वायू थोडा थोडा सोडला. नायट्रोजनाचा काही उपयोग झाला नाही. पाण्याची वाफ सोडली, पाऱ्याच्या काही मिलिमीटर इतक्या दाबाची, आणि घर्षण उतरले, धूळ थांबली. ग्रॅफाइटचा जो गुण आपण त्याचा स्वतःचा समजत होतो, त्यातला मोठा वाटा हवेतल्या ओलाव्याचा होता.

हे वाचताना मनात आकडे मांडून पाहावेत. पावसाळ्यात मुंबईचे तापमान ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के धरली, तर हवेतल्या बाष्पाचा दाब २५ मिलिमीटर पारा इतका भरतो. म्हणजे ग्रॅफाइटची गरज सहज भागते. जमिनीपासून ९ किलोमीटरवर तापमान उणे ४३-४४ अंशांच्या आसपास असते. तिथली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी बाष्पाचा दाब एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यालाही पोहोचत नाही. थंडी आणि विरळ हवा हे गुन्हेगार नव्हतेच. ब्रशला तहान लागली होती.

युद्धकाळातला तातडीचा उपाय वेगळ्या वाटेने निघाला. ब्रशमध्येच बेरियम फ्लोराइडसारखे धातूंचे हॅलाइड क्षार मुरवले की ते उंचीवरही टिकतात, असे लक्षात आले आणि विमानांची अडचण सुटली. पण विज्ञानाच्या दृष्टीने मला सॅव्हेज यांचा पुढचा टप्पा अधिक मोलाचा वाटतो. १९५६ मध्ये त्यांनी आणि डी. एल. शेफर यांनी ग्रॅफाइटच्या बाष्प-वंगणावर निबंध प्रसिद्ध केला. पाण्याऐवजी हेप्टेनसारख्या सेंद्रिय द्रवांच्या वाफा वापरल्या तर पाण्याच्या वाफेहून कितीतरी कमी दाबाला तेच काम होते, आणि रेणू जितका मोठा तितकी वाफ कमी पुरते, असे त्यात दिसून आले. एका बिघाडाच्या शोधातून इथे एक तंत्र उभे राहिले. घासणाऱ्या पृष्ठभागाभोवतीची वाफ हेच वंगण, आणि ती वाफ कोणती, किती, हे आपण ठरवायचे.

हाच या पुस्तकाचा विषय आहे. यंत्राच्या आराखड्यात आपण धातू ठरवतो, त्याची कठीणता ठरवतो, तेलाची श्यानता ठरवतो. भोवतीच्या हवेची मात्र गणती करत नाही; ती आयती मिळते, म्हणून गृहीत धरतो. माझे म्हणणे असे की, बेअरिंग जसा यंत्राचा भाग आहे तशी त्या बेअरिंगभोवतीची हवाही यंत्राचाच भाग आहे, आणि तिची निवड तितक्याच काळजीने व्हायला हवी. बाष्प-वंगणाचा सगळा इतिहास या एका गोष्टीची साक्ष देतो.

द्रव वंगणाचे शास्त्र इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही, पण त्याची चौकट डोळ्यांसमोर असावी. १८८३ मध्ये बोशां टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकात त्यांनी बूच मारले, तर तेलाने ते उचलून बाहेर फेकले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्यात इतका दाब तयार करतो की सगळा भार तेलावर तरंगतो, हे त्यातून समजले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. हे झाले जाड थराचे वंगण. पण यंत्र सुरू होताना, थांबताना, किंवा भार फार वाढला की तेलाचा हा थर फाटतो. तेव्हा दोन पृष्ठभागांना वेगळे ठेवते ती धातूला चिकटून बसलेली रेणूंची एखाददुसरी रांग. १९२० च्या दशकात विल्यम हार्डी यांनी या सीमावर्ती वंगणाचा अभ्यास केला. कार्बनची साखळी जितकी लांब तितके घर्षण कमी, हे त्यांनी दाखवले. पुढे बाउडेन आणि टेबर यांनी हे स्पष्ट केले की, दोन सपाट दिसणारे पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त आपापल्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या अंशावर होतो, आणि सगळा भार व सगळी उष्णता त्या टोकांवर एकवटते.

या टोकांवरची रेणूंची रांग जर वंगण म्हणून पुरत असेल, तर एवढ्या कामासाठी लिटरभर तेल खेळवायचे कशाला? बाष्प-वंगणाचा पहिला प्रश्न हाच आहे. दुसरा त्याला लागूनच येतो. घासताना ती रांग खरवडली जाते, मग ती परत कोण बसवणार?

परत बसवणारी वाफच असते, आणि तिचा वेग आपल्या अंदाजाच्या फार पलीकडचा आहे. निर्वात तंत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक हिशेब पाठ असतो. पाऱ्याच्या मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका दाब असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर स्वच्छ पृष्ठभागावर रेणूंचा एक पूर्ण थर साधारण एका सेकंदात बसतो. दाब दहा लाख पटींनी वाढवून एक मिलिमीटर केला, तर तोच थर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात बसेल. आता मिनिटाला ६,००० फेरे घेणारा कम्युटेटर घ्या. त्याच्यावरचा एखादा बिंदू एकाच ब्रशखाली पुन्हा येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग उलटतो. एवढ्या सवडीत त्या बिंदूवर हजारो वेळा थर बसू शकतो.

मग ग्रॅफाइटला पाण्याची वाफ काही मिलिमीटर इतकी का लागते, असे चोखंदळ वाचक विचारील. कारण आदळणारा प्रत्येक रेणू चिकटत नाही, आणि चिकटलेला कायमचा राहत नाही. घासणारी टोके तापतात, रेणू उडून जातात. पाण्याच्या रेणूची पकड दुबळी असते, तो लवकर सुटतो. हेप्टेनसारखा मोठा रेणू पृष्ठभागाला अधिक ठिकाणी धरून राहतो, म्हणून त्याची थोडी वाफ पुरते. हा विहिरीचा हिशेब आहे. मोट चालू असताना पाणी टिकेल की नाही, हे विहिरीत आज किती पाणी आहे यावरून ठरत नाही. उपसा किती आणि झरे किती, यावरून ठरते. बाष्प-वंगणाची गणिते मांडणाऱ्यांनी नेमकी हीच दोन पदे समोरासमोर ठेवली आहेत. एका बाजूला दर फेऱ्याला खरवडला जाणारा थर आणि दुसऱ्या बाजूला दोन फेऱ्यांमधल्या वेळात दाबानुसार आणि तापमानानुसार परत बसणारा थर. पृष्ठभागाचा किती हिस्सा झाकलेला राहतो ते त्यातून निघते आणि घर्षण त्या हिश्श्यावर अवलंबून असते.

ग्रॅफाइटच्या बाबतीत रेणू नेमके काय करतात, यावर बराच काळ वाद झाला. आज बहुतेकांना पटलेले उत्तर असे: थरांचे सपाट तोंड मुळातच निरुपद्रवी असते, त्रास देतात त्या थरांच्या कडा. कडेच्या कार्बन अणूंचे बंध अर्धवट, मोकळे असतात आणि समोरच्या पृष्ठभागाला घट्ट पकडतात. वाफेचे रेणू या मोकळ्या बंधांवर बसून त्यांची पकड काढून घेतात. पत्करलेल्या समजुतीला अशी पुरवणी जोडावी लागते तेव्हा विद्यार्थ्यांना ती समजुतीइतकीच ठळकपणे शिकवली पाहिजे. ‘ग्रॅफाइट वंगण आहे’ हे वाक्य ‘दमट हवेत’ या दोन शब्दांशिवाय अपुरे आहे.

बाष्प-वंगणाकडे दुसऱ्यांदा लोक वळले ते उष्णतेमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याच्या रणगाडा विभागातले वॉल्टर ब्रिझिक आणि कमिन्स कंपनीतले रॉय कामो यांनी थंड न करता चालणारे डिझेल इंजिन बनवायला घेतले. कोथरूडमुळे कमिन्सचे नाव पुण्यात घराघरांत माहीत आहे, पण हे काम अमेरिकेतले. कल्पना आकर्षक होती. डिझेलच्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग थंड करणारे पाणी वाहून नेते. सिलिंडरला आतून सिरॅमिकचे अस्तर दिले, रेडिएटर काढून टाकला, तर ती उष्णता आत राहील आणि इंजिन हलकेही होईल. सैन्याच्या ट्रकवर असे इंजिन चालवूनही दाखवले गेले. पण पिस्टन रिंग जिथे घासते तिथले तापमान तेलाला झेपेना. विमानांच्या टर्बाइनसाठी खास बनवलेली कृत्रिम तेलेसुद्धा अडीचशे अंशांच्या पुढे फार काळ तग धरत नाहीत. ती घट्ट होतात, त्यांचा कोळसा होतो.

तेल तुटतेच आहे, तर तुटण्यातूनच वंगण का घडवू नये, हा विचार पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एल्मर क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत धीट कल्पना वाटते. १९८६ मध्ये ग्रॅहॅम आणि क्लाउस यांनी उच्च तापमानातल्या बाष्प-वंगणावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे द्रव्य घेतले. झीज कमी करण्यासाठी तेलात थोडेसे मिसळायचे द्रव्य म्हणून ते आधीपासून वापरात होते. त्यांनी त्याची वाफ केली आणि गरम वायूच्या झोतात अगदी थोड्या प्रमाणात ती तापलेल्या पृष्ठभागावर सोडली. जिथे धातू तापलेला, तिथेच रेणू फुटतो आणि लोखंडाशी संयोग पावून फॉस्फेटचा व कार्बनचा काचेसारखा घट्ट थर बसवतो. थर झिजला की नवी वाफ नवा थर बसवते. पंप नको, तेलाची टाकी नको, गाळणी नको, तेल थंड करणारा कुलर नको. उष्णता, जी आजवर वंगणाची शत्रू होती, तीच इथे थर घडवते.

यात एक सुंदर बारकावा आहे. थर वाढत राहण्यासाठी खालचे लोखंड थरातून झिरपत वर यावे लागते. म्हणजे पृष्ठभाग स्वतःचा थोडा अंश खर्ची घालून स्वतःचे रक्षण करतो. सिरॅमिकमध्ये लोखंड नसते, त्यामुळे त्याच्यावर हा थर नीट धरत नाही, आणि ज्या सिरॅमिक इंजिनासाठी हे सगळे सुरू झाले तिथेच अडचण उभी राहिली. मग सिरॅमिकवर आधी लोखंडाचा पातळ लेप देण्याची युक्ती निघाली. रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये जेम्स लॉअर यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी इथिलिनसारखा साधा हायड्रोकार्बन वायू तापलेल्या पृष्ठभागावर फोडून तिथे कार्बनचे वंगण जागच्या जागी बनवले. अमेरिकन हवाई दलाच्या डेटनमधल्या प्रयोगशाळेत नेल्सन फॉर्स्टर आणि हितेश त्रिवेदी यांनी बाष्पावर चालणाऱ्या बेअरिंगांच्या चाचण्या केल्या. तिथे नजर होती ती थोडाच काळ चालायच्या लहान टर्बाइन इंजिनांवर. ज्या इंजिनाचे सगळे आयुष्य काही तासांचे आहे, त्याला तेलाचा अख्खा संसार वाहायला लावू नये, हा हिशेब त्यामागे होता. साध्या मोटारगाड्यांपर्यंत मात्र हे तंत्र पोहोचले नाही. थंड इंजिन सुरू होताना वाफ कशी करायची आणि वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या थराचे काय करायचे, या प्रश्नांपाशी ते अडले.

ट्रायक्रेसिल फॉस्फेटबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यातला ऑर्थो प्रकारचा घटक मज्जातंतूंचे विष आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या एका औषधी अर्कात त्याची भेसळ झाली आणि हजारो गरीब माणसांचे पाय लुळे पडले. १९५९ मध्ये मोरोक्कोतल्या मेक्नेस भागात विमानांचे टाकाऊ इंजिन तेल खाद्यतेलात मिसळून विकले गेले. सुमारे १० हजार माणसांना अर्धांगवायूने गाठले. १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात मोहरीच्या तेलातून तेच घडले. आज यंत्रांसाठी विकल्या जाणाऱ्या ट्रायक्रेसिल फॉस्फेटमध्ये ऑर्थो घटक अत्यल्प ठेवतात. तरीही वंगण वायुरूपात वापरायचे म्हणजे ते श्वासात जाण्याची वाट मोकळी करायची. बाष्प-वंगणावर काम करणाऱ्या प्रत्येकाने, पृष्ठभागाकडे पाहण्याआधी, यंत्राबाहेर पडणाऱ्या हवेकडे पाहिले पाहिजे.

तिसरी आणि आजवरची सर्वांत यशस्वी वाट अगदी लहान यंत्रांची आहे. यंत्र दहापट लहान केले की त्याचे वजन हजारपट घटते, पण पृष्ठभाग शंभरपटच घटतो. म्हणून मायक्रॉनच्या मापाच्या यंत्रात वजन जवळजवळ नाहीसे होते आणि पृष्ठभागांची चिकटण्याची ओढ राज्य करते. दोन भाग एकदा टेकले की सुटतच नाहीत. तेल घालावे तर तेलाचा थेंबच त्या यंत्राहून मोठा. शिवाय त्याचे पृष्ठताण आणि श्यानता भागांना जखडून टाकतात.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधले लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या डिजिटल मायक्रोमिरर उपकरणापुढे हीच अडचण होती. या उपकरणात एका चिपवर लाखो आरसे असतात. सुरुवातीच्या चिपांत एकेक आरसा १६ मायक्रॉन बाजूचा चौरस होता. प्रत्येक आरसा बिजागरीवर एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला कलतो, त्याचे टोक खालच्या तळावर टेकते आणि पुन्हा उठते. एका सेकंदात हे हजारो वेळा घडते. आरसा एकदा जरी चिकटला तरी पडद्यावर तेवढा ठिपका कायमचा पांढरा किंवा कायमचा काळा. उपाय म्हणून चिपच्या हवाबंद खोक्यातच परफ्लोरोडेकॅनोइक आम्लाची वाफ ठेवली. तिच्या रेणूंचा थर टेकणाऱ्या जागांवर बसतो आणि झिजला की खोक्यातल्या वाफेतून भरून निघतो. १९९६ पासून असे प्रोजेक्टर बाजारात आले. पुढे चित्रपटगृहांतल्या रिळांची जागा डिजिटल प्रक्षेपणाने घेतली, त्यात या चिपचा मोठा हात होता, आणि २०१५ मध्ये हॉर्नबेक यांना त्यासाठी ऑस्कर समितीचा तंत्रविषयक सर्वोच्च सन्मान मिळाला. अशा प्रोजेक्टरवर सिनेमा पाहणाऱ्या प्रत्येकाने बाष्प-वंगण चालताना पाहिले आहे.

आरसे टेकतात आणि उठतात. ते एकमेकांवर घासत नाहीत. सिलिकॉनची सूक्ष्म चाके, दाते, सरकपट्ट्या घासतात. त्यांच्यावर रेणूंचा एक थर रासायनिकरीत्या पक्का बसवण्याचे प्रयत्न झाले, पण एकदाच बसवलेला थर घासण्याने संपतो आणि परत येत नाही. पेन स्टेटमधले सेओंग किम आणि सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतले मायकेल डगर यांच्या गटाने २००८ मध्ये पेंटॅनॉल या अल्कोहोलची वाफ वापरली. कोरड्या नायट्रोजनात जे सूक्ष्म यंत्र लवकरच निकामी होई, तेच वाफेच्या सान्निध्यात १७ हजार पटींपर्यंत अधिक चालले. वाफेमुळे पृष्ठभागांची चिकटण्याची ओढ वाढली, पण ती ओलांडण्याइतके बळ चिपवरच्या दुबळ्यातल्या दुबळ्या चालकातही होते. हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. झीज रोखण्याच्या तंत्रात दुप्पट-तिप्पट आयुष्य मिळाले तरी लोक समाधान मानतात.

घासणाऱ्या जागी त्यांना आणखी काही सापडले. पेंटॅनॉलचे रेणू एकमेकांना जोडून तिथे मोठ्या साखळ्या तयार झाल्या होत्या. ज्यांनी टेलिफोन एक्स्चेंजचा जुना इतिहास वाचला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. १९५८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हर्मन्स आणि ईगन यांनी रिलेच्या पॅलेडियमच्या टोकांवर साचणाऱ्या तपकिरी भुकटीचा माग काढला होता. आजूबाजूच्या प्लास्टिकमधून आणि वॉर्निशमधून निघणाऱ्या सेंद्रिय वाफा टोकांवर बसत. टोके किंचित घासली की धातूच्या मदतीने त्या वाफांचे बहुवारिक बने आणि वीज अडे. टोकांवर सोन्याचा पातळ थर दिला की हा त्रास कमी होई. एक्स्चेंजमध्ये जी रासायनिक क्रिया रोग होती, तीच पन्नास वर्षांनी सूक्ष्म यंत्रांच्या कामी आली. दोन्ही ठिकाणी वाफ, घर्षण आणि पृष्ठभाग हेच तिघे हजर आहेत. विजेचा स्पर्श हवा असेल तर थर नको, सरकायचे असेल तर थर हवा. आपल्या यंत्राभोवतीच्या रबरातून, गोंदातून, रंगातून कोणत्या वाफा निघतात, हे ज्याने कधी तपासले नाही, त्याच्या यंत्रात बाष्प-वंगण चालू नाही असे नाही. ते त्याला न विचारता चालू आहे.

म्हणूनच एकच एक उत्तम वाफ सांगता येत नाही. पाण्याचेच पाहा. ग्रॅफाइटला ते तारते. सिलिकॉनच्या ऑक्साइडवर घासताना मात्र तेच पाणी बंध तोडायला मदत करते आणि झीज वाढवते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरे थरांचे वंगण तर ग्रॅफाइटच्या नेमके उलट वागते. ते निर्वातात उत्तम आणि दमट हवेत वाईट. गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडला नाही. कोरडे वंगण पृथ्वीवरच, ट्रकमधल्या प्रवासांच्या हादऱ्यांत घासून गेले असावे, या निष्कर्षाला तपास करणारे पोहोचले. अवकाशासाठी निवडलेले वंगण हवेत झिजले. हायड्रोजनयुक्त हिरासदृश कार्बनचे काही लेप कोरड्या वायूत जवळजवळ घर्षणहीन असतात आणि दमटपणा आला की बिघडतात. प्रत्येक जोडीला आपली हवा असते.

पुढची कामे अवघड आहेत. परफ्लोरोडेकॅनोइक आम्ल हे निसर्गात विघटन न होणाऱ्या, शरीरात साठत जाणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांपैकी आहे, आणि अशा रसायनांवर जगभर निर्बंध येत आहेत. त्याच्या जागी काय घ्यायचे? ट्रायक्रेसिल फॉस्फेटइतका घट्ट थर देणारे, पण निर्धोक द्रव्य कोणते? हवाबंद खोक्यातली वाफ वीस वर्षे तितकीच कशी टिकवायची? यांची तयार उत्तरे या पुस्तकात मिळणार नाहीत. ती शोधायला लागणारी रसायनशास्त्राची आणि यांत्रिकीची भाषा मात्र मिळेल, आणि ती मराठीत मिळते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी झीज यांत्रिकीच्या तासाला शिकतात आणि अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर रेणू चिकटून बसणे, रसायनाच्या तासाला. या दोन तासांची गाठ क्वचितच पडते. ज्यांना गणिताची सवय नाही त्यांनी समीकरणांची पाने पहिल्या वाचनात ओलांडून जावीत आणि प्रयोगांची वर्णने सावकाश वाचावीत.

एक प्रयोग तर कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यशाळेत करता येईल. मिक्सरची जुनी मोटार आणि एकाच खोक्यातले नवे ब्रश घ्यावेत. झाकणाच्या काचपेटीत एकदा ताज्या सिलिका जेलने हवा शक्य तितकी कोरडी करावी आणि एकदा पाण्याचे भांडे ठेवून दमट करावी. दोन्ही वेळा वेग, विद्युतप्रवाह आणि चालवण्याचा काळ सारखा ठेवावा. मोटार तापते, म्हणून मध्ये मध्ये थांबवावी. ब्रशपाशी ठिणग्या पडतात, तेव्हा या पेटीत हेप्टेनची किंवा अल्कोहोलची वाफ चुकूनही सोडू नये. इथे फक्त पाणी. ब्रशची लांबी आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजावी, पेटीच्या तळाशी पडलेली काळी भुकटी तोलावी, आणि प्रत्येक मापाशेजारी त्या वेळचे तापमान व आर्द्रता नोंदवावी.